धुण्याच्या दगडाला कुंकू

आमच्या गावात धुण्याचा घाट झाला तो बायकांनी भांडण केलं म्हणून. गाव रेणापूर तालुक्यातलं. पुरुषांना वेशीत कमान पाहिजे होती. कमानीखाली धुणं धुता येत नाही, असं मी ग्रामसभेत उठून सांगितलं. पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत, म्हणून काम झालं.

मला गावाचा विकास वगैरे काही नको होता. माझे दोन्ही गुडघे गेलेत आणि सून लातूरला कामाला जाते, त्यामुळं धुणं माझ्याच नशिबी. ओढा गावाच्या खाली. जाताना उतार, येताना ओलं गाठोडं डोक्यावर घेऊन चढ. मला तो चढ नको होता, एवढंच.

बचत गटाच्या बायकांनी गावातल्या पाण्याच्या टाकीखाली माती खणली, खडी पसरली, ओटा बांधला. पुरुषांनी येऊन ढाळ कुठं पाहिजे ते सांगितलं आणि चहा पिऊन गेले. ओट्यावर पाथरवटानं घडवलेले दगड बसवले. नळाजवळचा सगळ्यात मोठा, काळाभोर, मधे जरा फुगीर. मी तो पहिल्याच दिवशी मनात धरून ठेवला. तिथं बसलं की नळाला हात पोचतो, उठावं लागत नाही.

उद्‌घाटनाला तालुक्याहून साहेब येणार होते, आले नाहीत. मग बायकांनीच नारळ फोडला. तिथंच घोटाळा झाला. एकीनं दगडाला हळदकुंकू लावलं. ते बघून दुसरीनं लावलं. तिसरीनं फूल ठेवलं, चौथीनं खण पांघरला, कोणीतरी मोठ्या दगडाची ओटी भरली. आम्ही बौद्ध, आमच्यात हे नाही. मी बाजूला उभी राहून पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी घाटावर एकही बाई नाही. गाठोडी घेऊन यायच्या, दगडाला हात जोडायच्या आणि ओढ्याकडं चालायला लागायच्या.

मी एकीला विचारलं, "अगं, इथं नळ हाय, तिकडं कुठं निघालीस?"

"ओटी भरलेल्या दगडावर लेकराची लंगोटी आपटू का, मावशी? पाप लागतं."

चार दिवसांत उदबत्ती आली. मग नैवेद्य. मग पारावरच्या एका म्हाताऱ्यानं मोठ्या दगडाशेजारी झेंडा रोवला. घाटासाठी ज्यांनी एक पाटी उचलली नव्हती, ते पुरुष आता वर पत्रे टाकून मंदिर करायचं बोलू लागले. मला कळलं, आता मंदिर होणार आणि मी मरेपर्यंत चढ चढणार. मीही तोवर ओढ्यावरच जात होते. एकटीनं तिथं धुणं आपटलं असतं, तर गावानं मला आपटलं असतं.

एका दुपारी बचत गटाची अध्यक्ष माझ्या दारात आली. लिंगायत वाण्याची बाई, गळ्यात लिंग, किराणा दुकान तिचं. सगळ्यात आधी कुंकू हिनंच लावलं होतं.

"मावशी, धुणं साचलंय का तुमचं?"

"साचलंय की. तू धुतीस का?"

"तसं न्हाई. तुम्ही घाटावर धुवा ना. तुमच्यात देव नसतो."

"माझ्यात नसतो, पण तुझ्यात हाय ना. उद्या माझ्या नावानं बोंब मारशील."

"न्हाई मारत. माझी कंबर लई दुखायलीय हो, मावशी. ओढा झेपंना."

"मग उद्या तूबी गाठोडं घेऊन ये. माझ्या शेजारी बसायचं."

"मी दुकानातून बघते की."

"तर मग देवाचं आणि तुझ्या कंबरेचं तूच बघ."

खूप वेळ पदराशी चाळा करून शेवटी ती हो म्हणाली.

सकाळी मी झेंडा उपटून भिंतीला टेकवला, खण घडी करून बाजूला ठेवला आणि नातवानं भिजवलेली गोधडी मोठ्या दगडावर आपटली. आवाज पारापर्यंत गेला. म्हातारा काठी टेकत आला.

"विटाळला! देव विटाळला! आता कशाचं मंदिर!"

मी वर बघितलं. बायकांचे चेहरे दुःखी होते, पण गाठोडी आधीच काखेत होती.

"विटाळलाच म्हणल्यावर काय करायचं आता?" एक म्हणाली आणि खाली बसली. तिच्यामागं बाकीच्या. अध्यक्षीणबाई शेवटी आली, माझ्या शेजारच्या दगडावर. दुपारपर्यंत वाळत घालायच्या दोऱ्यांवर जागा उरली नाही.

माझ्या सासूला याच विटाळापायी विहिरीला हात लावू देत नव्हते. पाणी वरून ओंजळीत ओतायचे. एवढ्या वर्षांत त्या विटाळाचा गावाला झालेला हा पहिला फायदा.

आता घाटावर रोज भांडण असतं. काल मी गेले तर मोठ्या दगडावर अध्यक्षीणबाईची बादली. मी ती उचलून खाली ठेवली.

"मावशी, जागा धरली होती मी!"

"देव होता तवा धरायची."

ती तणतणत आली आणि माझा हात लागलेली तीच बादली तिनं नळाखाली धरली. आधी विसळती का, ते मी बघत होते. नाही विसळली. भरली, आणि ढुंगणानं मला ढकलत त्याच दगडावर बसली.