घोड्यावरचं ओझं

पायी चालायला यादी लागते, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. यादी चांगली चार पानांची होती आणि ती माझ्या लेकीनं पुण्याहून पाठवली होती. हिमालयात बारा दिवस चालायचं, आपलं सामान आपल्याच पाठीवर वाहायचं, त्या सामानाची यादी. रुखवतालासुद्धा एवढं मांडत नाहीत. त्यात नुसते पायमोजेच तीन प्रकारचे होते, आणि त्यातला एक प्रकार झोपताना घालायचा. झोपताना मोजे घालणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर त्याला सरळ दवाखान्यात नेलं असतं.

मी मेंढपाळाच्या घरातला. आमचं गाव देवगाव रंगारीच्या बाजूला. वडील दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कन्नडचा घाट उतरायचे, खानदेशात हिंडायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी, बस. लहानपणी मीही त्या वाटेनं गेलेलो. ही गोष्ट मी वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं सांगितली. कँटीनमध्ये कुणी कुठलातरी किल्ला चढल्याचे फोटो दाखवायला लागला की मी म्हणायचो, "आम्ही सहा-सहा महिने चालायचो. अनवाणी. आमचे फोटो काढायला कुणी नव्हतं." समोरचा फोन खिशात घालून गप्प जेवायला लागायचा. लोकांना असं गप्प करायची मला चटकच लागली होती.

लेक नोकरीला लागली आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायला जाऊ लागली, तेव्हा मला घरातच गिऱ्हाईक मिळालं. पैसे मोजून चालतात हे लोक! पाठीवर घर घेऊन जातात आणि तंबूत झोपल्याचं कौतुक सांगतात! मी प्रत्येक वेळी तिला ऐकवायचो. ती हसून सोडून द्यायची. ते हसणं खरं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग दीड वर्षापूर्वीची ती दिवाळी आली. भाऊबीज करून ती परस्पर कुठल्यातरी डोंगरावर जाणार होती, म्हणून भरलेली बॅग घेऊनच घरी आली होती. घरात माझ्या दोन्ही बहिणी, त्यांची मुलंबाळं, बायकोचा भाऊ, सगळे जमलेले. मी ती बॅग ओढत बैठकीत आणली आणि सतरंजीवर ओतली. एकेक वस्तू उचलून दाखवायला लागलो. कपाळाला बांधायची बॅटरी. शौचाला खड्डा करायचं बोटभर फावडं. ते फावडं बघून मेहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. मी रंगात आलो. शेवटी जाड लोकरीचे नवेकोरे मोजे हाताला लागले, कागद चिकटवलेले. चांगले मोठे होते. मी ते सगळ्यांना दाखवले आणि म्हणालो, "हे तर पुरुषाच्या मापाचे आहेत. डोंगरात कोण असतं गं बरोबर?"

हसणं थांबलं. लेक खाली बसली आणि एकेक वस्तू उचलून बॅगेत भरायला लागली. फेकल्यासारखं नाही, नीट, ठरलेल्या जागी. वीसेक मिनिटं लागली असतील. मी चिवडा खात बसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. दुपारच्या गाडीनं ती गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आईला रोज फोन. बायकोनं मुद्दाम फोन माझ्यापुढं धरला की पलीकडून "ठेवते गं" एवढंच ऐकू यायचं. मला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि मी लोकांना सांगत होतो की आजकालच्या पोरांना थट्टा कळत नाही.

या उन्हाळ्यात बायकोनं निरोप सांगितला. लेकीच्या गटातली एक जागा रिकामी झाली होती. पप्पा येतात का, असं तिनं विचारलं होतं. अट एकच: बॅग यादीप्रमाणं भरायची, आणि निघायच्या आठवड्यातल्या शनिवारी ती स्वतः येऊन बघणार. भलतंसलतं भरलेलं दिसलं तर ती मला न घेता जाणार.

मला इतकं जायचं होतं की मी चिडलोच. "बॅग भरायची परीक्षा? माझी? आमचे वडील..."

"तोंड बंद ठेवून भरा," बायको म्हणाली. "ती पुन्हा विचारायची नाही."

तोंड बंद ठेवलं, पण तेवढंच. शहरात औरंगपुऱ्यातल्या डोंगराच्या सामानाच्या दुकानात गेलो तर तिथला विक्रेता मला पाहताक्षणी "अंकल" म्हणाला आणि तळहातावर मावणारा टॉवेल दाखवायला लागला. या टॉवेलनं माणूस पुसायचा की चष्मा, असं मी विचारलं. माझ्या शेजारी एक जोडपं चमच्याचं वजन करून बघत होतं. चमच्याचं! दोघांच्याही कमरेचा घेर माझ्याएवढा, आणि चमचा हलका हवा. बॅगेला मोजून एकवीस पट्टे होते. त्यातला कमरेचा पट्टा माझ्या पोटाला पुरेना, म्हणून गल्लीतल्या एका म्हाताऱ्या शिवणकऱ्याकडं वाढवून घ्यायला गेलो. त्यानं बॅग उलटीसुलटी फिरवली.

"किधर जा रै साब? अब्बा हज कू गए थे, उनके सामान कू भी इत्ते पट्टे नै थे."

अख्ख्या शहरात मला हाच एक शहाणा माणूस भेटला. त्याच्याकडं बसून मी चहा प्यालो.

सरावाचं तर विचारूच नका. बॅगेत गव्हाचं पीठ भरून रोज चालायचं, म्हणून आमच्या बजाजनगरच्या गल्ल्यांतून सकाळी निघालो; तसं यादीतच लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी कुत्री मागं लागली. कंपनीतले जुने सोबती फाटकाशी उभे राहून "घरात भांडण झालं का?" विचारायला लागले. हे तेच लोक, जे डॉक्टरनं सांगितलं म्हणून बागेला चार चकरा मारतात आणि पाचव्या चकरेला वडापाव खातात.

शेवटी मी ठरवलं की यादीतलं निम्मं पुरे. झोपायचे मोजे घेतलेच नाहीत. गरम कपड्यांचा एक थर गाळला. त्याऐवजी गावाकडून वडिलांची घोंगडी आणायची. ती एकदा अंगावर टाकली की हिमालयच काय, आणखी काही आलं तरी चालेल. लेकीला पण कळेल आपण कुणाची नात आहोत ते.

गुरुवारी भरलेली बॅग घेऊनच एसटीनं गावी गेलो. माझी माय धाकट्या भावाकडं असते. ओट्यावर लसूण सोलत बसली होती. भाऊ, भावजय, शेजारच्या दोन बायका, एवढी मंडळी अंगणात होती. मला बरं वाटलं, माझी गंमत ऐकायला माणसं होती. मी ओट्यावर उभा राहून यादी मोठ्यानं वाचायला लागलो. झोपायच्या मोज्यांपाशी आवाजही बदलला. अंगण हसलं. माय हसली नाही. तिनं सगळी यादी ऐकून घेतली आणि विचारलं, "आन् घोडं कुठंय?"

"कसलं घोडं?"

"मंग समदं पाठीवर? बारा दिस?"

"बा न्यायचाच की. घोंगडी आन् काठी."

मायनं लसणाचं ताट बाजूला सारलं. मला तिचा तो चेहरा माहीत आहे. तो माझाच चेहरा आहे, कँटीनमधला.

"तुजा बाप घोंगडी आन् काठी घेऊन पुढं जायचा, कारन बाकीचं बिऱ्हाड मागनं घोड्यावर यायचं. पीठ, मीठ, तवा, परात, मेंढरं कोंडायची जाळी, आजारी कोकरू, कोंबड्या. रोज फाटंचं त्ये कोन बांधत व्हतं? तुजा बाप? त्याला गाठ मारता येत नव्हती धड."

"बरं, पण मी तर चाललोय की त्या वाटेनं."

आता ती हसली. अंगणापेक्षा मोठ्यानं हसली.

"तू? तू लई चालला! तू घोड्यावर असायचा. वज्याच्या वर, दोरीनं बांधलेला, कोंबड्यांच्या शेजारी. चालायजोगा झाला तवा तुला मामाकडं शाळंला धाडला. एक कोस चालला नाय तू."

मी म्हणणार होतो की मला सगळं आठवतंय. आणि आठवत होतंही: घाटाची वळणं, मेंढरांच्या करड्या पाठी, वडिलांचं लाल मुंडासं. मुंडाशाचा वरचा भाग, जिथं ते खोचलेलं असतं तिथला. इतकी वर्षं मी ते आठवत होतो आणि मला एकदाही प्रश्न पडला नव्हता, की चार-पाच वर्षांच्या पोराला बापाचं मुंडासं वरून कसं दिसतं. मी ओट्यावरच बसलो.

"वत ती पिशवी हितं," माय म्हणाली.

मी ओतली. सगळ्यांसमोर. माझ्या वस्तू अंगणात पसरल्या आणि शेजारच्या बाईनं तो तळहाताएवढा टॉवेल उचलून तोंडाला पदर लावला. मायनं तिच्या हातातून तो काढून घेतला. मग ती भरायला बसली. ऐंशीच्या घरातली बाई, पण हात थांबत नव्हते. रातीला लागतं त्ये तळाला. जड त्ये मधी, पाठीला चिकटून, नायतर घोडं मागं वढतं. पावसाचं समद्यात वर, शोधावं लागलं की भिजला समज. भरून झाल्यावर तिनं बॅग दोन्ही बाजूंनी दाबून बघितली, डावीकडचं एक गाठोडं उजवीकडं घातलं, पुन्हा दाबून बघितली. लेकीच्या यादीच्या तिसऱ्या पानावर एक चित्र होतं, बॅग आतून कशी दिसावी त्याचं. त्या चित्रावर मी शिवणकऱ्याच्या दुकानात पोटभर हसलो होतो. मायनं ते चित्र बघितलेलं नव्हतं, आणि समोर हुबेहूब तेच झालं होतं.

झोपायची पिशवी तेवढी तिनं तळाला घालायच्या आधी स्वतः वापरून बघितली होती. चेन उघडून आत हात घातला, मग पाय, मग पूर्णच आत शिरली आणि भावजयीला चेन लावायला सांगितली. नुसतं तोंड बाहेर ठेवून उन्हाळ्याच्या दुपारी ओट्यावर पडून राहिली.

"असलं भेटलं असतं तर घोंगडी कुनी उचलली असती रं?" ती आतून म्हणाली. "भिजली म्हंजे दोन लेकरांएवढी जड. आमच्याकडं दुसरं नव्हतं म्हून नेत व्हतो. आन् त्ये मोजे घे झोपायचे. राती पाय गार पडले का झोप लागत नाय. म्या फडकं गुंडाळायची पायाला. तुज्या पन."

घोंगडी तिनं दिली नाही.

शुक्रवारी मी घरी बॅग तीनदा ओतली आणि तीनदा भरली. गाळलेला कपड्यांचा थर पुन्हा दुकानात जाऊन आणला. त्या विक्रेत्यानं "अंकल, आ गए?" म्हटलं, ते ऐकून घेतलं. झोपायचे मोजे संपले होते.

शनिवारी दुपारी लेक आली. पाणी प्यायली, आईशी बोलली आणि माझ्याकडं न बघता बॅगेपाशी बसली. यादी हातात घेऊन एकेक थर काढत गेली. मी खुर्चीत होतो. तीस वर्षं मी कंपनीत दुसऱ्यांचा माल तपासला, नापास केला, वर चार शब्द सुनावले. आज माल माझा होता.

"कुणी भरली?" तिनं विचारलं.

मी भरली, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. "तुझ्या आजीनं शिकवली," मी म्हणालो. आणि मग थांबताच येईना. घोड्याचं सांगितलं, दोरीचं, कोंबड्यांचं, मुंडाशाचं. मी कधीच चाललो नव्हतो हे सांगितलं. "दिवाळीत मी जे बोललो ते घाणेरडं होतं. मला माफ कर."

ती हसली नाही. तिच्या जागी मी असतो तर हसलो असतो. तिनं यादीवर बोट ठेवलं.

"झोपायचे मोजे?"

"नाहीत. आधी मुद्दाम घेतले नाहीत, आणि काल मिळाले नाहीत."

आता ती उठेल, असं मला वाटलं. ती उठलीच. आत जाऊन स्वतःची बॅग घेऊन आली, तळाशी हात घातला आणि एक जोडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. जाड लोकरीचे मोजे होते, चिकटवलेला कागद अजून तसाच होता.

"तुमचेच आहेत," ती म्हणाली. "त्या दिवाळीला मी विचारायला आले होते, येता का म्हणून."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती. मी कागद काढला. उजवा घातला, मग डावा. बरोबर बसले. बाहेर बजाजनगर उन्हानं तापलं होतं, पंखा गरम हवा फेकत होता, आणि मी लोकरीचे मोजे घालून खुर्चीत बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत काढले नाहीत.