उसवलेली गोधडी

डोणगावात बस स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. तीसेक वर्षं झाली. आधी शर्ट-पँट शिवायचो. लोक तयार कपडे घ्यायला लागले तसा ब्लाउज आणि शाळेच्या गणवेशांवर आलो. दुकानात कातरण साठत जायची, पोत्यांनी. बायको म्हणायची, एक तर फेका, नाहीतर याचं काहीतरी करा. म्हणून मी गोधड्या शिवायला लागलो.

पण साध्या नाहीत. आधी कागदावर नक्षी काढायची, मग फूटपट्टीने तुकडे आखायचे, कडा दुमडून इस्त्री करायची, आणि मग मशीनवर जोडायचे. आठ पाकळ्यांचं फूल, फुलात तारा, ताऱ्यात चौकोन. शाळेतल्या एका बाईंनी पहिली गोधडी घेतली ती पांघरायला नव्हे, भिंतीवर लावायला. त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी दुसरी मागितली. त्यातल्या एकाने दुकानात येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुम्ही कलाकार आहात."

टेलरला कोणी असं म्हणत नाही. कपडा मापात बसला तर गिऱ्हाईक गप्प, नाही बसला तर दुकानात येऊन आरडाओरडा. त्या एका शब्दाने माझी चालच बदलली. बायकोने ते ओळखलं होतं. ती मला जेवायला बोलावताना म्हणायची, "या कलाकार, भाजी थंडी होऊन राह्यली."

चिखलीला एका मंगल कार्यालयात हातकामाचं प्रदर्शन भरलं, तिथे मी माझी सगळ्यात मोठी गोधडी नेली. गणवेशाच्या निळ्या कातरणीची, वर्षभर शिवलेली. मला भिंतीजवळची चांगली जागा मिळाली होती. समोरच्या दोरीवर एका बाईची गोधडी टांगलेली होती. बाई उंद्री गावची, साठीच्या आसपासची, शेतात मजुरीला जाणारी. ती स्वतः गोधडीच्या शेजारी खुर्चीवर बसून कोणाच्यातरी मुलाला शेंगा सोलून देत होती.

तिची गोधडी जुन्या पातळांची होती. विटलेला हिरवा, मातकट तांबडा, कधीकाळी जांभळा असलेला एक रंग. नक्षी म्हणावी अशी नव्हतीच. नुसता हाताने घातलेला धावदोरा, ओळीला लागून ओळ. पण त्या ओळी सरळ नव्हत्या. शेत नांगरताना मध्ये बाभळीचं झाड आलं की नांगराचे तास जसे त्याला वळसा घालून पुन्हा जवळ येतात, तशा त्या ठिगळांना वळसे घालत होत्या. सगळं कापड श्वास घेतल्यासारखं उचललेलं दिसत होतं.

लोक माझ्या गोधडीसमोर थांबायचे, "वा, छान" म्हणायचे, फोटो काढायचे. तिच्या गोधडीसमोर आले की हात लावायचे. फोटो काढायचं विसरायचे. एक म्हातारी तर गाल लावून उभी राहिली.

मी उठून जवळ गेलो आणि टेलरच्या नजरेने चुका शोधल्या. एक बाजू दुसरीपेक्षा चार बोटं लांब. कोपरा काटकोनात नाही. शेजारी लाकडी खेळणी विकणारा एक माणूस होता, त्याला मी विनाकारण म्हणालो, "फिनिशिंग नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं, आणि पुन्हा खेळणी मांडायला लागला.

त्यानंतर दोन-तीन महिने माझं कामात लक्ष लागेना. मी तिच्यासारख्या वळणाच्या ओळी शिवून पाहिल्या. मुद्दाम वाकडी शिवलेली ओळ मुद्दाम वाकडीच दिसते. मशीन सोडून हाताने शिवलं. जुन्या साड्या गोळा केल्या. प्रत्येक वेळी काम पुढ्यात पसरलं की मला माझं काम दिसायचंच नाही, ते तिचं नाही एवढंच दिसायचं.

मी ज्या उस्तादाकडे काम शिकलो, त्याने मला कधी काही शिकवलं नाही. जुना कोट पुढ्यात टाकायचा आणि म्हणायचा, "उसव." कॉलर कशी बसवली, खांद्यात काय भरलं, ते उसवल्यावर कळायचं. मला वाटलं, हिची गोधडी मिळाली तर तेच करता येईल. आत काहीतरी असेल. एखादा थर, एखादी युक्ती.

माझी मेहुणी उंद्रीलाच दिली आहे, त्या बाईच्या घरापासून चार घरं सोडून. तिला मी फोन केला. आपल्याला गोधडी पाहिजे असं सांगायला जीभ रेटेना, म्हणून मी म्हणालो, "पोरीकडं बाळ होणार आहे. लहान गोधडी पाहिजे. माझं नाव सांगू नको, अन् बाळाचं एवढ्यात घरात कोणाजवळ बोलू नको."

माझ्या मुलीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बाळ वगैरे काही नव्हतं.

महिन्याभराने मेहुणीने इकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी गोधडी दुकानात पाठवली. मोठी नव्हती, मांडीवर मावेल एवढीच. हातात घेतली तर इतकी मऊ की क्षणभर मला वाटलं, राहू द्यावं. पण गुरुवारी दुकान बंद असतं, बायको विहारात महिलांच्या बैठकीला गेली होती, आणि मी दुपारी जेवणाच्या खोलीत चटई टाकून ब्लेड घेऊन बसलो.

टाका टाका कापत दोन तास गेले. वरचा थर निघाला. मधला निघाला. खालचा निघाला. आत काही नव्हतं. सुती पातळाचे तुकडे, धुऊन धुऊन नरम झालेले. मधल्या थरात एकच मोठा अखंड तुकडा होता, पांढऱ्यावर बारीक निळे ठिपके, बाकी सगळ्यांपेक्षा मऊ. सगळे थर वेगवेगळे पसरल्यावर ती नुसती चिंध्यांची रास होती. मी त्या राशीकडे बघत बसलो. कोटाच्या आत कोट कसा झाला ते सापडतं. इथे गोधडीच सापडत नव्हती.

बायको आली. दारातच उभी राहिली.

"हे काय केलं?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, फोनवर काय बोललो तेही. ती चपला काढून आत आली, ठिपक्यांचा तुकडा उचलून घडी घातली.

"नसलेल्या लेकराच्या नावानं गोदडी मागवली तुम्ही," ती म्हणाली. "अन् फाडली."

"फाडली नाही. उसवली."

"हाव. लय फरक आहे."

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी रास पिशवीत भरून कपाटावर ठेवली. पुन्हा जोडून पाहायचा प्रयत्न एकदा केला, पण टाक्यांची भोकं जुळेनात. आणि मग मेहुणीकडून आणखी एक पुडकं आलं. आत एक टोपडं होतं. बाईने निरोप दिला होता, गोधडीसंगं द्यायचं राहून गेलं, पोरीची तब्येत कशी आहे ते कळवा. मेहुणीने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. गोधडीत बाईने स्वतःच्या मायचं पातळ घातलं होतं. ठिपक्यांचं. तान्ह्या लेकराला टोचू नये म्हणून.

त्या गुरुवारी मी पिशवी घेऊन निघालो. मेहकरला गाडी बदलली, चिखलीला बदलली. उंद्रीला उतरेपर्यंत काय बोलायचं ते चार वेळा ठरवून झालं होतं. बाई घरीच होती, ओट्यावर तूर निवडत. मला तिने ओळखलं.

"जयभीम, टेलरभाऊ. चिखलीले होते नं तुम्ही? समोरच?"

"हाव."

"बसा. इकडं कसे काय?"

मी ठरवलेलं काहीच बोललो नाही. पिशवी तिच्यापुढे उलटी केली.

तिने सुपातली तूर बाजूला सरकवली. एकेक तुकडा उचलून पाहिला. ठिपक्यांचा तुकडा आला तेव्हा थांबली, मग तो मांडीवर ठेवला.

"हे काऊन उसवलं?"

"कशी शिवली ते पाहाचं होतं. चिखलीले तुमची पाह्यली तवापासून मले झोप नव्हती बाई. मले वाटलं आतमंधी काही असंन. पोरीले बाळ-बीळ काही नाही. खोटं बोललो मी."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उसवलेल्या तुकड्याची कड बोटांनी चाचपत होती. म्हणाली, "उसवली मात्र सुबक. एक बी कपडा फाटला नाही." आणि मग, "दिसलं काही?"

"नाही. कपडेच होते."

"कपडेच असतेत नं भाऊ." ती हसली, पण ते पूर्ण हसू नव्हतं. "विचारलं असतं तं सांगतलं असतं. मले सांगता आलं असतं का नाही, थे वेगळं."

ती आत गेली. मला वाटलं आता बाहेर येऊन चालतं व्हायला सांगेल. ती सुई-दोरा घेऊन आली. ओट्यावरच तिने खालचा थर अंथरला, त्यावर मायचं पातळ, त्यावर वरचे तुकडे, आधी होते तसे नाही, जसे हाताला आले तसे. मग कडेपासून टाका घालायला लागली. उजव्या हातात सुई, आणि डावा हात कापडाखाली. सगळं काम तो डावा हात करत होता. खालून तो चाचपायचा, कुठे कापड ताणतंय, कुठे ढिलं आहे, आणि सुई तिकडे वळायची. ठिगळाला वळसा पडत होता तो तिने ठरवलेला नव्हता. जुनं कापड जिकडे ओढत होतं तिकडे ती त्याला जाऊ देत होती.

मी म्हणालो, "मी घालून पाहू?"

तिने सुई दिली. मी चार टाके घातले. नीट, सारख्या अंतराचे. कापड लगेच चुरमडलं.

"तुम्ही कपड्याले धाक दाखवून राह्यले," ती म्हणाली, आणि माझे टाके काढून टाकले.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. "चिखलीले माझी गोदडी पाह्यली होती तुम्ही?"

"कोणती?"

"निळी. समोरची."

"हाव हाव, निळी. पाह्यली नं. लय मेहनत घेतली तुम्ही."

कोणाच्या कामाबद्दल बोलायला दुसरं काही नसलं की माणूस मेहनतीबद्दल बोलतो. मीही गिऱ्हाइकांनी घरी शिवून आणलेले कपडे पाहून असंच म्हणतो. तिने वाईट वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. पण खरं सांगतो, लागलं आणि थोडं हलकंही वाटलं. इतके महिने मी तिच्याशी स्पर्धा करत होतो. तिला त्या स्पर्धेचा पत्ताच नव्हता. मी एकटाच धावत होतो.

निघताना मी गोधडीकडे पाहिलं. ती म्हणाली, "हे आता नाही भेटत तुम्हाले. गल्लीत एक बाळंतीण आहे, तिले देतो. टोपडं बी वापस पाठवा." मी मान हलवली. बायकोने ते टोपडं धुऊन, घडी घालून दुसऱ्याच दिवशी पाठवलं. त्यानंतर ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली.

नक्षीच्या गोधड्या मी सोडल्या नाहीत. लोक घेतात, आणि मला त्या आखायला आवडतात, हे मला आता लपवावंसं वाटत नाही. कधीकधी हाताने एखादी साधी शिवतो. चार-सहा ओळी बऱ्या जातात, मग हाताला पुन्हा फूटपट्टी आठवते.

मधूनमधून गुरुवारी उंद्रीला जातो. ती शिकवत नाही, मीही विचारत नाही. बसून सुया ओवून देतो, तिची नजर आता अधू झाली आहे. गेल्या खेपेला तिने नुकतीच झालेली एक गोधडी ओट्यावर पसरली. करड्या आणि पिवळ्या कापडांची होती. मी पाहिली आणि माझी नजर पुन्हा कोपरे मोजायला लागली, चिखलीसारखीच. यावेळी मी चुका शोधत बसलो नाही.

"जळलो बाई," मी म्हणालो.

"जळा," ती म्हणाली, "पण चहा ठेवलाय, थो घेऊन जळा."