कोपीतली धुरी

थंडी अंगाला वाजते की हाडाला, असं मी सात-आठ वर्षांची असताना आईला विचारलं होतं आणि त्याबद्दल पाठीत धपाटा खाल्ला होता. आता यात चूक ती काय? आईच रोज म्हणायची, "बाजरी खा, हाडात ऊब ऱ्हाती." मग पोटात गेलेली बाजरी हाडात कुठल्या वाटेनं जाते, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. घरात खाणारी तोंडं सात आणि पाण्याचे हंडे दोन, अशा सकाळी असलं काही विचारणाऱ्या पोरीला धपाटाच मिळणार, दुसरं काय!

पण जित्याची खोड. आमच्याकडं, नारायणगडाच्या अलीकडं, थंडी पडली की नियमांचा नुसता सुकाळ. दही बंद. कान बांधल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. करडईच्या तेलात लसूण-ओवा कडवून ते तळपायाला चोळायचं. सर्दी झाली की हुलग्याचं माडगं, तेही चटका बसेल इतकं गरम. उन्हाला बसायचं तर पाठ करून. "पाठ करून कावून?" मी विचारायचे. "तोंड काळं पडतं म्हणून," असं आई सांगायची, आणि आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, न्हाई गं, पाठीत कफ असतो. दोन उत्तरं मिळाली की माझं डोकं आणखीच चालायचं. दुष्काळाच्या साली आंघोळ तिसऱ्या दिवशी, पण निजताना तांब्याभर कोमट पाण्यानं पाय धुणं कुणाला चुकलं नाही. प्यायला पाणी पुरत नव्हतं तरी पायांचा तांब्या वेगळा काढलेला असायचा. मला त्याचं फार नवल वाटायचं. अजून वाटतं.

लग्न झालं आणि तिसऱ्या वर्षी पाऊस असा दडी मारून बसला की ज्वारीची पेरणीसुद्धा झाली नाही. दसरा झाल्यावर गाव ऊसतोडीला निघालं. माझी पोरगी तेव्हा चार महिन्यांची. सासूबाई गुडघ्यांमुळं गावीच राहिल्या, म्हाताऱ्या बैलासारखं मला आता फडात काम न्हाई, असं स्वतःच म्हणाल्या. त्यांच्या जागी माझ्यावर लक्ष ठेवायला चुलत सासू होती. तिला सगळे काकू म्हणायचे, मीही. काकू उंच, वाळकी, जिभेची तिखट, पण हाताला माया. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. माझी पोरगी जन्मल्यापासून मी तिची आई आणि काकू तिची मालकीण, असाच कारभार होता.

आम्ही जिल्हा ओलांडला नाही. कडा गावाच्या बाजूला एका सहकारी कारखान्याच्या तळावर आमच्या टोळीनं कोप्या टाकल्या. बांबू आणि विणलेल्या चट्या कारखान्याकडून मिळायच्या. कमानीसारखे बांबू वाकवायचे, वर चट्या, आणि चट्यांवर वाळलेलं पाचट नाहीतर उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं पसरायचं. झाली कोपी. पण दुष्काळात वाढं काय, पाचटसुद्धा जनावरांचं सोनं. बैलांच्या तोंडचा घास कोपीवर कोण घालणार? मग काकूनं रिकाम्या खताच्या प्लास्टिक पिशव्या गोळा केल्या, धुतल्या, दाभणानं शिवल्या आणि त्यांचं एक लांबरुंद पाल करून आमच्या कोपीवर ताणलं. खालची कड मातीनं दाबून टाकली. "आता मुंगी बी आत यायची न्हाई," ती म्हणाली. टोळीतल्या बायका बघायला आल्या. मला तर किती बरं वाटलं म्हणून सांगू! सगळ्या तळावर आमचीच कोपी ऊबदार.

आणि गरम पाणी! कारखान्यातून वाफाळतं पाणी चारीनं बाहेर पडायचं. गावी तांब्याला महाग झालेल्या आम्ही बायका घागरी भरभरून ते आणायचो आणि डोक्यावरून ओतून घ्यायचो. ते पाणी प्यायचं नाही, एवढं मुकादमानं बजावलं होतं. पहिल्या दिवशी मी इतकी न्हाले की काकू म्हणाली, "आगं ए, कातडं सोलून निगंल." हे पाणी गरम कावून, आत काय शिजतं, साखर करायला एवढं पाणी लागतं तर आमच्या गावाला दोन टँकर का नाहीत, असं मी आमच्या मालकांना, म्हणजे पोरीच्या बापाला, विचारत सुटले. "तू ऊस तोड गं बाई," असं म्हणून ते मोळी बांधायला लागले.

पंधरा दिवस बरे गेले. मग पोरीला खोकला लागला.

काकूनं लगेच सूत्रं हातात घेतली. वेखंड उगाळून टाळूला, तेल छातीला, आणि सांज-सकाळ धुरी. फुटक्या घमेल्यात गोवऱ्यांचा नि कोळशाचा विस्तव, त्यावर ओवा आणि लसणाची सालं, आणि ते घमेलं पोरीच्या झोळीपाशी. घमेलं आत आलं की दाराची ताटी घट्ट लावायची आणि फटीला गोणपाट कोंबायचं. माझ्या बाळंतपणात माहेरी अशीच धुरी दिली होती, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, आई जवळ नसली तरी पोरीची आबाळ नाही.

पण खोकला हटेना. छाती घरघरायला लागली. दूध ओढता ओढता ती दमायची आणि तोंड फिरवायची. चार महिन्यांचं लेकरू दुधाला तोंड फिरवतं म्हणजे काय, हे आईलाच कळतं. माझा जीव टांगणीला लागला. टोळीतली एक म्हणाली, दृष्ट लागली. दुसरी म्हणाली, तुझं दूध थंड पडलंय, सुंठ खा. मी सुंठ खाल्ली, गूळ खाल्ला, मीठमोहऱ्या ओवाळल्या. जो जे सांगेल ते केलं.

आणि यातच मला एक गोष्ट दिसायला लागली. पहाटे आम्ही तिला घेऊन फडात जायचो. उघड्या रानात वारं असं की बोटं कोयत्याला चिकटून बसावीत. बैलगाडीच्या साटीखाली झोळी बांधायची आणि पोरीला कुंची घालून त्यात टाकायचं. तासाभरात पोरगी खुलायची. हातपाय हलवायची, दूध प्यायची, दुपारी तर खुदकन हसायची. संध्याकाळी कोपीत आणलं, ऊब दिली, धुरी दिली, की पुन्हा घरघर. थंडीत बरी आणि उबेत आजारी! हे कावून? माझं स्वतःचंही डोकं सकाळी उठल्यावर ठणकायचं आणि फडात गेलं की थांबायचं. ते मी कुणाला सांगितलं नाही. दिवसभर वाकून ऊस तोडणारीचं डोकं दुखणं ही काय सांगायची गोष्ट?

पोरीचं मात्र काकूला विचारलं.

"त्यात काय न कळन्यासारखं हाय?" ती म्हणाली. "दिवसा वारं लागतं, ते सांजच्याला उमटतं. तुझ्या फडानंच तिला धरलंय. उद्यापासून तिला नेऊ नको. मी ऱ्हाते कोपीत."

म्हणजे तिनं आपली मजुरी बुडवायची. कोण करतं एवढं? मला वाटलं, बाई, आपण शंका काढतो आणि ही जीव काढून द्यायला बसलीय. मी लाजले आणि हो म्हणाले. करायला गेले काय आणि झालं काय, ते आता सांगते.

दुसऱ्या दिवशी दूध द्यायला म्हणून मी दुपारी फडातून परत आले. काकू चारीवर गरम पाणी आणायला गेली होती. ऊब जाऊ नये म्हणून ताटी बाहेरून बांधून, फटीला गोणपाट लावून गेली होती. मी ताटी काढली. आत घमेल्यात विस्तव होता, ओव्याचा वास होता. पोरगी झोळीत मान टाकून पडलेली. हाक मारली, हलवलं, गाल ओढला. डोळे उघडेना. ओठांचा रंग बघून मी किंचाळले ती अख्ख्या तळानं ऐकली असेल. उचलली आणि कारखान्याच्या दवाखान्याकडं धावत सुटले. कुंची वाटेत पडली, पदर उडाला, समोरून बोचरं वारं, आणि पोरगी उघड्या डोक्यानं माझ्या खांद्यावर. अर्ध्या वाटेत ती कण्हली. मग ओकली. मग रडायला लागली, अशी मोठ्यानं की मी रस्त्यातच फतकल मारून बसले आणि तिच्याबरोबर रडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा तपासलं. कोपीत कोण होतं, काय जळत होतं, ताटी लावली होती का, असं विचारत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासारखे प्रश्न विचारत होतं. मग म्हणाले, कोंडलेल्या जागेत कोळसा धुमसला की विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. पोरगी वाऱ्यावर आली म्हणून वाचली.

मी तिथंच बसून माहेरचं घर आठवत होते. धाब्याचं घर, आणि छताला चुलीच्या वर वीतभर भोक. त्याला आम्ही साणं म्हणतो. थंडीच्या दिवसांत मी आईला शंभरदा म्हणाले असेन की ते बुजवून टाक, ऊब जाती. आई नुसती म्हणायची, "साणं बुजवत नसत्यात." कावून, ते तिला सांगता यायचं नाही. तिलाही तिच्या आईनं तेवढंच सांगितलं असणार. पाचटाच्या कोपीला साण्याची गरज नव्हती, ती सगळीच भोकाभोकाची. आम्ही धुरी गावाहून आणली आणि साणं गावीच ठेवून आलो. वर प्लास्टिक ताणलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते आम्ही हातानं केलं.

परत आल्यावर मी कुणाला विचारलं नाही. कोयता घेतला आणि पाल वरून हातभर फाडलं, खालची माती उकरून कड मोकळी केली, घमेलं उचलून बाहेर ठेवलं. काकू घागर घेऊन उभीच होती. "आगं, काय करतीस? पोरगी मारायची हाय का?" तिच्या आवाजात राग होता. मालक म्हणाले, "डाक्टरनं सांगितलंय, काकू. विस्तव आत न्हाई ठेवायचा." काकूनं घागर खाली ठेवली. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, पण रोज संध्याकाळी स्वतःची गोधडी आणून पोरीवर घालायची.

त्या चार दिवसांत पोरीची घरघर कमी झाली. पाचव्या दिवशी तर तिनं असं दूध ओढलं की मला दुखलं, आणि मी त्या दुखण्यावर खूश! कारखान्यात काहीतरी मोडलं होतं म्हणून तोड बंद होती. दुपारची वेळ, पोरगी मांडीवर, मी तीळ निवडत होते. काकू आली, समोर बसली आणि फाटलेल्या पालाकडं बघत राहिली.

"डाक्टर काय म्हनला, मला नीट सांग," ती म्हणाली.

मी आनंदात होते. आणि मला अखेर एका 'कावून'चं उत्तर मिळालं होतं, ते मी हातचं राखून कशाला ठेवू? सगळं सांगितलं. वायू, वास नाही, रंग नाही, माणसाला गुंगी येते, लेकरू लवकर जातं, मोठं माणूस उशिरा. काकू ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "गोनपाटानं समदं बंद केलं, तरी व्हतं का तसं?" मी म्हणाले, "व्हतं की. प्लास्टिकच पायजे असं न्हाई."

"ओठ काळे पडत्यात?"

"हिचे निळे-काळे पडले व्हते."

तिनं पोरीच्या ओठांवरून बोट फिरवलं. मग खाली बघत म्हणाली, "आमच्या लेकराचे बी पडले व्हते. तीन महिन्याचं व्हतं. तोडीच्या पहिल्याच साली, अशाच कोपीत. समदे म्हनले, थंडीनं गेलं. मी बी तसंच धरून चालले. थंडीनं गेलं म्हनूनच तर..." ती थांबली. "मंग थंडीनं न्हवतं का गं?"

तिळाचं सूप माझ्या हातात तसंच राहिलं. काकूला एक लेकरू झालं होतं, हे मला त्या घरात तीन वर्षं नांदून कुणी सांगितलं नव्हतं. मी एवढी विचारणारी, आणि तिला मूल का नाही हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मला माझ्या जिभेचा इतका संताप आला की ती चावून टाकावी.

"थंडीच असंल काकू," मी म्हणाले. "त्या साली लई थंडी व्हती म्हनं."

"कुनी सांगितलं?"

"आत्याबाईंनी," मी सासूबाईंचं नाव पुढं केलं.

"तुझी आत्याबाई त्या साली गावाकडं व्हती," काकू म्हणाली. "कोपीत मी एकलीच व्हते."

तिनं हात पुढं केले, माझ्या मांडीवरून पोरीला उचललं, तिची कुंची सोडून माझ्यापाशी ठेवली, आणि तिला घेऊन बाहेर वाऱ्यात जाऊन बसली.