केवळाबाईच्या पाट्याची खालची बाजू

झरीच्या केवळाबाईचं घोंगडं ओळखायला डोळे लागत नसत. उभं केलं तर ते उभंच राही, आणि पाऊस त्यावर डोकं आपटून हात हलवत परत जाई. नवरा भुजंग आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ. घरी माग, लोकर आणि ही बाई. सेलूच्या बाजारात गिऱ्हाईक दुसऱ्यांची घोंगडी चाचपून बघे, हिच्या घोंगड्याला नुसतं नाव विचारी.

सगळी करामत खळीत होती. चिंचोके भिजवायचे, पाट्यावर लोण्यासारखे वाटायचे, शिजवायचे आणि ती खळ कुंच्यानं मागाच्या ताण्यावर मारायची. कुंचा कुणाचाही चालला असता. पाट्याला मात्र जोड नव्हती. दोन हात लांब, काळाभोर, चार पिढ्यांच्या बायकांनी घासून मधोमध खोल केलेला. तसा दगड पुन्हा मिळायला चार पिढ्या बायका झिजवाव्या लागल्या असत्या.

त्या पाट्याला खालची बाजूही होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी खालून विंचू निघाला म्हणून तो उलटा केला, तेव्हा केवळाबाईनं अक्षरं पाहिली, आणि अक्षरांखाली एक चित्र. सासू म्हणाली, "बघू नगं." केवळाबाईनं लगेच मान फिरवली. बघायचं ते तोवर बघून झालं होतं.

निजामाच्या राज्यातल्या फसली सन तेराशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात परभणीचे दिनकरराव वकील एका पाहुण्याला घेऊन झरीत आले. दिनकररावांना इतिहासाचं वेड; पक्षकाराची जबानी घेता घेता ते त्याच्या खापरपणज्यापर्यंत जात. पाहुणे व्यंकटराव, हैदराबादचे, जुने शिलालेख वाचण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. गावाबाहेरच्या पडक्या देवळात एक अर्धी शिळा उभी होती. तिचा खालचा अर्धा भाग कुणीतरी नेला होता. तो शोधायचा, गाडीत घालायचा आणि हैदराबादला न्यायचा, असा सरकारी हुकूम व्यंकटरावांच्या खिशात होता.

देवळात गाव जमलं. केवळाबाई पुढंच.

"या दगडाबद्दल गावात काय सांगतात?" व्यंकटरावांनी विचारलं.

"एक राजा व्हता," केवळाबाई म्हणाली. "त्याची राणी रुसून हितं बसली. ती उठंना, तवा राजानं दगड रवला. तू उठस्तवर मी जेवनार न्हाई, असं लिव्हलंय त्यावर."

व्यंकटराव हसले. "बाई, राजा नाही नि राणी नाही. यादवांच्या वेळी कुणा सरदारानं देवाच्या दिव्याला जमीन दिली, एवढंच आहे यात."

"म्हंजी तेलासाठी?"

"तेलासाठी."

"आन आमी इतकी वर्सं राणीची समजूत घालायलाव की वो!"

गाव हसलं. व्यंकटराव मात्र गंभीर झाले. "माणसं गोष्टी रचतात, बाई. दगड खोटं बोलत नाही." दिनकररावांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मग व्यंकटरावांनी विचारलं, "याचा उरलेला भाग कुठं गेला?"

केवळाबाईनं पेडगावच्या वाटेकडं बोट केलं. "पेडगावच्या कुणी जोत्याला नेला म्हणत्यात."

माणसं वेड पांघरून पेडगावला जातात म्हणे. केवळाबाईनं दोन शहाणी माणसं धाडली.

ती दोघं तिकडं जोती तपासत होती तेव्हा हिला इकडं घास गोड लागेना. पाटा जाईल ही धास्ती होतीच. पण बावीस वर्षं आपण कुणाच्या तरी बोलण्यावर चिंचोके वाटत आलो आणि तो काय बोलतोय ते ठाऊक नाही, हे आता आतून कुरतडायला लागलं. व्यंकटरावांना देवळात ठसा घेताना तिनं पाहिलं होतं. ओला कागद दगडावर पसरायचा, कुंच्यानं ठोकायचा, वरून शाई. हात्तिच्या, ही तर खळ मारायची रीत! शेजारच्या कडूबाईला हाताशी घेऊन तिनं पाटा उलटा केला, जुन्या धोतराचं पातळ पान पसरलं, खळीत काजळ कालवलं आणि अक्षरांचा ठसा घेतला. अक्षरांचाच. चित्र वगळलं.

तिसऱ्या दिवशी दोघे धूळ खाऊन परतले. पेडगावकरांनी त्यांना आणखी पुढच्या गावाला धाडलं होतं. केवळाबाईनं देवळात जाऊन घडी पुढं केली.

"हे कुठं मिळालं?" व्यंकटरावांनी घडी उलगडली.

"आधी वाचा. मग इचारा."

व्यंकटराव वाचू लागले, "...ही शिळा जो हलवील, त्याच्या आईला..." आणि थांबले.

"आईला काय?"

"शाप आहे."

"कसला?"

दिनकररावांना खोकला आला. "केवळा, तुझ्या कामाचं नाही ते."

"याच्याखाली एक चित्र असणार," व्यंकटराव जमिनीकडं बघत म्हणाले. "जनावराचं. आणि एका बाईचं."

"कंच्या जनावराचं?"

"गाढवाचं."

"ते काय करायलंय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. व्यंकटरावांनी तोंड लपवायला कापड वर धरलं, ते नाकाजवळ गेलं आणि ते थबकले. "याला चिंचोक्याचा वास येतोय." त्यांनी केवळाबाईच्या बोटांकडं पाहिलं. नखांत खळ सुकली होती.

घटकाभरात गाडी तिच्या दारात उभी राहिली. केवळाबाई पाट्याशेजारी उभी.

"न्या की. पर उचलणार कोण? साहेब, तुमची आई हाय?"

"आहे."

"वकीलसाहेब, तुमची?"

दिनकरराव दोन पावलं मागं सरकले. "नुकतीच काशीहून आली."

"माझी बी हाय," म्हणत गाडीवानानं बैल वळवले.

"अहो, भीती घालायला लिहितात असं," व्यंकटराव चिडून म्हणाले. "ते खरं नसतं."

"म्हंजी दगड बी खोटं बोलतोय?" केवळाबाईनं डोळे मोठे केले. "मग दिव्याचं तेल तरी खरं कशावरनं? त्यापरीस आमची राणीच बरी."

दिनकररावांनी वही उघडली आणि तशीच मिटली. व्यंकटराव पाट्याकडं बघत राहिले, आणि मग एवढे मोठ्यानं हसले की कोंबड्या उडाल्या. "बाई, दगड तुमच्याकडंच असू दे. जागच्या जागी उलटा करून ठसा तेवढा घेऊ द्या."

"घ्या. पर पुन्हा सुलटा करून द्यायचा. चिंचोके भिजल्यात."

पाटा उलटला. दिनकरराव लिंबाच्या झाडाकडं तोंड करून उभे राहिले. व्यंकटराव कागद ठोकू लागले, तसा केवळाबाईनं त्यांच्या हातचा कुंचा काढून घेतला. "असं न्हाई. मनगट ढिलं सोडा." ठसा असा उठला की व्यंकटरावांनी पुन्हा कुंचा मागितला नाही.

त्यांनी टिपण लिहायला पेन्सिल काढली. "देवळातनं इथं कुणी आणला हा?"

"आजेसासऱ्यानं."

पेन्सिल थांबली. "मग... त्यांच्या आईला काही झालं?"

"सासू सांगायची, म्हातारी पंचाण्णव वर्सं जगली. कधी डोकं बी दुखलं न्हाई. पर दारावरनं कुंभाराची गाढवं जायला लागली की उठून आत जायची."

"का?"

"ते काई लिव्हलेलं न्हाई, साहेब," केवळाबाई म्हणाली, आणि पाटा धरायला तिनं पदर खोचला.