आकडे घ्यायला आलेली बाई

कोल्हापूरच्या एसटीतून कल्याणला उतरले आणि रिक्षाने भिवंडीकडे वळले. हे शहर डोळ्यांआधी कानांना कळतं. गल्लोगल्ली यंत्रमाग खडखडत असतात. रिक्षावाल्यालाही ओरडूनच बोलावं लागतं.

"कौनसा कारखाना देखना है, मॅडम?"

"कारखाना नाही, ट्रान्सफॉर्मर."

त्याने आरशातून मला नीट पाहून घेतलं आणि रिक्षा दामटली.

अंजूरच्या अलीकडे, गोदामं आणि भाताची खाचरं यांच्या मध्ये एक वस्ती आहे. तिथल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरला तिकडे डीपीच म्हणतात) मला नवा मीटर बसवून घ्यायचा होता. वस्तीला किती वीज लागते, ते हा मीटर आपोआप आमच्या वीज कंपनीच्या कार्यालयाला कळवतो. मोठा ट्रान्सफॉर्मर कुठे द्यायचा, हे त्यावरून ठरणार. योजना कागदावर झकास होती.

मुक्काम वस्तीतल्याच हिराबाईंकडे. वयाने माझ्याएवढ्या, उरलीसुरली भातशेती स्वतः बघणाऱ्या. पानात तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा) कालवण. असलं चवदार कालवण मी घरी कधी केलं नाही, करणारही नाही.

"बाय, पुढच्या महिन्यान धाकटीची हळद हाय," त्या म्हणाल्या. "थोरलीचे हळदीला डीपी जलली. बेंजो बंद, पावने अंधारान. लोक अजून टोमने मारतान. मोठी डीपी भेटंल ना?"

"आकड्यांवर आहे. उद्या संध्याकाळी सगळ्या वस्तीचे आकडे घेते. सांगून ठेवा सगळ्यांना."

त्यांचा वाढता हात थांबला. "सगल्यांचे?"

"सगळ्यांचे. एकही सुटता कामा नये."

दुसऱ्या दिवशी वायरमनने मीटर बसवला. दिवेलागणीला पाहते तर आकडा जेमतेम हललेला. तारेत वीज होती आणि घरोघर कंदील लागले होते. हिराबाई ओट्यावर सुपाने वारा घेत बसल्या होत्या.

"वीज असताना कंदील?"

"तुमीच बोल्लाव ना, आकडे घेनार म्हनून! काढून ठेवलंव सगल्यांनी. न्या."

कोपऱ्यात बांबूंची मोळी होती. प्रत्येकाच्या टोकाला तार वाकवलेली. माझ्या कामात आकडा म्हणजे संख्या. इथे आकडा म्हणजे तारेवर टाकून फुकट वीज घ्यायचा हूक. मला हसू फुटलं, त्यांना नाही.

"मीटरसाठी अर्ज केलेला," त्या म्हणाल्या. "डीपीवर जागा न्हाय बोलले. मंग काय करनार?"

गाठ होती ती हीच. डीपीला जागा नाही म्हणून मीटर नाही, मीटर नाही म्हणून आकडे, आणि आकड्यांची वीज कुठे नोंदलीच जात नाही म्हणून डीपी कागदावर पुरेशी.

"हीच नोंद गेली तर आहे तीच डीपी राहील," मी सांगितलं.

"आनि परत टाकले, आनि तुमी सायबाला घेऊन आलाव तर?"

"मी डीपीवरचा भार मोजते, घरं नाही. आधी मोठी डीपी, मग सगळ्यांना मीटर, असं अहवालात लिहीन. मग बिलं येतील, सांगून ठेवते."

त्या उठून अंगणात गेल्या आणि ओरडल्या, "टाका रं परत! बाय हिशोबाची हाय, तारंची न्हाय!"

एकेक घर उजळलं. मागच्या शेडमधले यंत्रमाग सुरू झाले, डीपी घुमू लागली आणि मीटर भराभर चढला. एका अनोळखी बाईच्या शब्दावर सबंध वस्तीने आपली चोरी उघड्यावर मांडली होती. मी लगबगीने नोंद घेतली.

कोल्हापूरला परतून अहवाल पाठवला, शब्द दिला होता तसाच. नकाशावर वस्ती म्हणजे एक ठिपका असतो. त्या ठिपक्याने आपल्यावर विश्वास ठेवला नाही, तर कितीही हुशार मीटर आंधळाच. हे मला शिकवल्याबद्दल मी त्या वस्तीची ऋणी आहे.

महिन्याने फोन आला. पलीकडे हळदीच्या बेंजोचा दणदणाट.

"बाय, ऐकताव ना? नवी डीपी काल बसली!"

"छान! आकडे मात्र आता काढा हं, हिराबाई."

"कन्चे?" त्या ओरडल्या. "तुमचे का आमचे?"