चौदा माणसं आणि पासांगदीदीचं स्वयंपाकघर

पासांगदीदीनं आमचा रॉकेलचा स्टोव्ह दोन्ही हातांनी उचलला, अंगणात नेऊन ठेवला आणि परत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दुपारचे अडीच वाजले होते. आमचे आचारी पंडितराव कणकेनं भरलेले हात तसेच वर धरून माझ्याकडं बघत होते. दीदीचं म्हणणं सरळ होतं. जेवण तिच्या चुलीवरचं, नाहीतर खोल्या नाहीत.

मी उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. बावीस वर्षं झाली. विमान चुकलं, पासपोर्ट हरवला, हॉटेलनं ऐनवेळी बुकिंग नाकारलं, सगळं निभावून नेलंय. पण स्वयंपाकावरून आम्हाला कुणी दाराबाहेर काढलं नव्हतं. उलट आमच्याकडं टूर विकली जाते तीच मुळी जेवणावर. रोज सकाळी गावाबाहेरची गोगाबाबा टेकडी चढणारी धडधाकट माणसं हिमालयाचं नाव काढलं की आधी विचारतात, पोळी मिळेल ना?

नेपाळात मोठा भूकंप होऊन गेला होता. काठमांडूच्या उत्तरेकडची ही दरी बराच काळ बंद होती. ती ट्रेकर्ससाठी पुन्हा उघडली तेव्हा पहिल्याच सीझनला ग्रुप न्यायचा असं आमच्या मॅडमनी ठरवलं. कंपनी त्यांचीच. तयारी माझ्याकडं आली. रस्ता किती फुटलाय, झुलता पूल नवा बसवलाय का, कुठल्या गावात किती खोल्या उभ्या राहिल्यात, सगळी माहिती मी काढली. काठमांडूच्या एजंटनं मेलमध्ये एक ओळ लिहिली होती: हा टी-हाऊस ट्रेक आहे, जेवण लॉजवरच घ्यावं. टी-हाऊस ट्रेक म्हणजे तंबू न्यायचे नाहीत, वाटेतल्या गावांत घरगुती लॉजवर मुक्काम करत जायचं. ती ओळ मी वाचली आणि सोडून दिली. मला वाटलं, एजंटचं कमिशन असेल.

मॅडमना मी म्हणालो, “तिथं लोकांनाच खायला कमी असेल. आपण चौदा तोंडं घेऊन जायचं आणि त्यांच्या कोठीतलं खायचं, बरं दिसत नाही.”

“मग काय करायचं?”

“आपलं रेशन, आपले पंडितराव.”

“क्लायंटही खूश होतील,” मॅडम म्हणाल्या. विषय संपला.

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. कणीक, तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचं, पापड. सहा पोर्टरच्या पाठीवर आमचं वाणसामान चाललं होतं. पंडितराव करमाडचे. लग्नाच्या पंगतीत पाचशे पानं उठवणारा माणूस, डोंगराला भीत नव्हता.

जीपनं जिथं सहा तासांत पोहोचायचं तिथं आम्हाला अख्खा दिवस लागला. जागोजाग रस्त्याचा अर्धा भाग खाली नदीत गेलेला. पहिले दोन मुक्काम खालच्या बाजारगावांत पत्र्याच्या शेडमध्ये झाले. तिथं पंडितरावांनी आवारात स्टोव्ह लावला तेव्हा मालक काही बोलला नाही. आमचा गाईड भीम तेवढा गप्प गप्प असायचा. दमला असेल असं मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी दरडीचा पट्टा आला. मी जुना नकाशा उघडला तर भीम नुसता हसला. नकाशातली वाट, वाटेवरची घरं, सगळं दगडांखाली होतं. त्या दगडांवरूनच नवी पायवाट काढली होती. इथं नियम एकच. अकराच्या आत पार व्हायचं. नंतर ऊन चढतं, वर गोठलेले दगड सुटतात. एकेकानं जायचं, मध्ये अंतर ठेवायचं, फोटो काढायचे नाहीत. साडेदहाला शेवटचा माणूस पलीकडं आला. मी हेड काउंट घेतला, म्हणजे डोकी मोजली. चौदा. तासाभरानं मागं घरंगळण्याचा आवाज आला आणि कुणी मागं वळूनही पाहिलं नाही.

म्हणजे अडीच वाजता दीदीच्या दारात माझ्यापुढचा हिशेब असा होता. मागं फिरणं शक्य नव्हतं. पुढचं लॉज चार तास वर होतं. आणि ग्रुपमधल्या सोनवणेबाईंचं डोकं दुपारपासून दुखत होतं. वय त्रेसष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका. उंचीवर डोकं दुखायला लागलं की तिथंच थांबायचं, एक पाऊलही वर जायचं नाही, हा ट्रेकिंगमधला पहिला धडा. तंबू आमच्याकडं नव्हते. गावात चालू असलेलं लॉज एकच, पासांगदीदीचं. या दारात जागा मिळाली नाही तर सोनवणेबाईंना मी रात्रभर उघड्यावर ठेवणार होतो.

आधी मी माझा नेहमीचा उपाय केला. म्हणालो, स्वयंपाकघराचं वेगळं भाडं देतो. ती तुटक हिंदीत बोलत होती, मी मराठीत सांगतो.

“भाडं नको. खोली आमच्याकडं नावापुरत्या पैशात देतात. घर चालतं ते चुलीवर. तुम्ही माझ्याकडं झोपणार, जेवणार तुमचंच. मग मी कोण, तुमची चौकीदार?”

एजंटची ती ओळ आता मला कळली. पण चूक कळली म्हणून माणूस लगेच शहाणा होतो असं नाही. मी त्याहून मोठी चूक केली. म्हणालो, असं करू, आमचं सगळं रेशन तुम्हाला देऊन टाकतो. गावात वाटा. मदत म्हणून.

तिचा चेहरा उतरला. आधी ती नुसती चिडली होती, आता तिला लागलं होतं. जुनं लॉज दरडीखाली गेलं, त्यात तिची सासूही गेली, हे भीमनं मला वाटेत सांगितलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, “देणारे खूप आले. हेलिकॉप्टरनं आले. तांदूळ आला, ब्लँकेटं आली. जेवायला कुणी आलं नाही.” आणि ती आत निघून गेली.

पंडितराव माझ्या कानाशी आले. त्यांचंही बिनसलं होतं. “रशीदभाई, माझ्या हातची पोळी नको व्हती तं मला इथवर कामून आणलं? ती बाई काय म्हणती, आपलं अन्न वाईट हाये का?” दोन स्वयंपाकी एकाच दिवसात दुखावण्याची कामगिरी मी केली होती.

सोनवणेबाई बाहेरच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मला हाक मारून शेजारी बसवलं.

“शेख सर, मी लातूरकडची. आमच्या भूकंपात माझी शाळा गेली, घर गेलं. मग ट्रक सुरू झाले. चांगली माणसं होती हो सगळी. रोज रांगेत उभं राहायचं, पदर पसरायचा, घ्यायचं. मुख्याध्यापिका होते मी. कितीतरी दिवसांनी एक इन्स्पेक्टर शाळा बघायला आले आणि मी पत्र्याच्या खोलीत त्यांना चहा करून दिला. दूधही नव्हतं त्यात. त्यांनी तो निमूट प्यायला. त्या दिवशी मला वाटलं, मी परत माणसांत आले.”

एवढं बोलून त्या उठल्या. मी धरायला गेलो तर हात बाजूला केला. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, चुलीजवळच्या पाटावर बसल्या आणि हिंदीत विचारलं, “दीदी, भूक लागली. आज काय केलंय?”

आतून भांडं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. मी दारातच उभा होतो आणि मला रडू आलं. लपवलं नाही. पंडितराव बघत होते, बघू दिलं.

मी आत जाऊन हात जोडले. सांगितलं, चूक माझी, एजंटनं लिहिलं होतं, मी ऐकलं नाही. चौदा माणसं, इथं असू तोवर सगळं तुमच्या हातचं. तिनं मान हलवली आणि खोल्यांच्या किल्ल्या भिंतीवरून काढून दिल्या.

सोनवणेबाईंना आधी लसणाचं गरम सूप मिळालं. मग सगळ्यांना डाळभात, बटाट्याची भाजी आणि मुळ्याचं लोणचं. दीदी पातेलं घेऊन फिरत होती आणि ताट रिकामं दिसलं की न विचारता वाढत होती. ग्रुपमधल्या दोघांनी पोळीची चौकशी केली. बाईंनी त्यांच्याकडं मुख्याध्यापिकेच्या नजरेनं पाहिलं, ते भात जेवले. पंडितराव आधी लांब बसले. लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि जवळ सरकले. “लई झ्याक जमलंय,” म्हणाले, आणि त्यात तिळाशिवाय काय काय आहे ते मला भाषांतर करून विचारायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेले दिसले. तिनंच बसवलं होतं.

एक दिवस आम्ही तिथंच विश्रांती घेतली. बाईंचं डोकं थांबलं, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजनही ठीक आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खा ग्रुप वरच्या कुरणापर्यंत जाऊन आला, बाईंसकट. आमचं उरलेलं रेशन सहा पोर्टरनी जसं वर आणलं तसं खाली नेलं. त्यांना मी तोंड दाखवू शकत नव्हतो.

उतरताना दरड अकराच्या आत गाठायची म्हणून आम्ही दीदीकडून पहाटे निघालो. तिनं माझ्या हातात उकडलेल्या बटाट्यांची पिशवी दिली, अजून गरम होती.

“वाटेत खा,” ती म्हणाली. “तुमच्याकडं खायला आहे की नाही, काय माहीत.”

हसत नव्हती, पण डोळे हसत होते. मी पिशवी घेतली. तोवर मला घ्यायची अक्कल आली होती.