डाव्या धारेचा जपानी चाकू

सकाळपासून तीनदा विहिरीवर जाऊन आलो. मोट जोडलेली नाही, बैल सावलीला बांधलेले आहेत, विहिरीवर मला कवडीचं काम नाही. तरी जातो, वाकून पाणी पाहतो, परत येतो. वाटेनं चाकू उघडतो, मिटतो. बायको भादव्यात तापानं गेली. तेव्हापासून बूड एका जागी टेकत नाही. लोक म्हणतात, बस ना बुवा घडीभर. बसून काय करू?

वाफ्यात जंबेरीची रोपं बोटाएवढी जाड झाली आहेत. जंबेरी म्हणजे आंबट लिंबाची जात. तिच्या खोडाची साल चिरून आत संत्र्याचा डोळा बसवला की वर गोड संत्रा येतो. डोळे बांधायचे दिवस हेच, थंडीचे. साल लाकडापासून सुटते आहे तोवर उरकून घ्यावं लागतं, मग वर्ष गेलं. पंधरा दिवस झाले, मी एक डोळा बांधलेला नाही.

आमच्या भागात म्हणतात, या माळ्याच्या हाताला गुण आहे, याची कलमं मरत नाहीत. वीस-बावीस वर्षं म्हणतात. ते खोटं आहे, आणि ते खोटं मीच उठवलेलं आहे. आता एक तर चाकू माझ्या हातासारखा घासून घ्यायचा आणि गप्प राहायचं, नाही तर तोंड उघडायचं. दोन्ही होत नाही म्हणून विहिरीवर चकरा चालल्या आहेत.

चाकू जपानी आहे. पहिल्या लढाईत विलायती माल यायचा थांबला आणि वाशीमच्या बाजारात जपानी माल दिसू लागला. काडेपेट्या, बांगड्या, कंगवे. एका मणेऱ्याच्या पथारीवर बांगड्यांच्या बाजूला हा पडला होता. मूठ म्हणजे नुसता दुमडलेला लोखंडी पत्रा. लाकूड नाही, शिंग नाही, आत पातं धरून ठेवणारी कमानही नाही. पात्याच्या बुडाशी जिभेसारखा एक तुकडा बाहेर आलेला. तो अंगठ्यानं दाबला की पातं उघडतं. काम करताना अंगठा त्या जिभेवर दाबूनच धरावा लागतो, उचलला की पातं मिटायला मोकळं. मुठीवर कोळ्याच्या पायांसारखी चार अक्षरं ठोकलेली होती.

"हे काय लिवलं हाये रे?" मी मणेऱ्याला विचारलं.

"जपानी हाये बाप्पा, मले काय समजते! अक्षर काहून पाह्यतं, धार पाह्य."

मनगटावरचे केस काढून पाहिले. साफ निघाले. घेतला.

बायको गाडीत बसलीच होती. गावाबाहेर आलो नाही तोच मी ऊस सोलायला चाकू उघडला. बैल जरा उधळले, मी कासऱ्याकडे पाहिलं, अंगठा सुटला आणि पातं माझ्याच बोटावर मिटलं. रक्त आलं. ती पदर तोंडात धरून हसत होती.

"याले अंगठा लागते एका जागी. तुमच्यानं काय होते ते!"

"तुझ्यानं होते काय?"

"ठेवा खाली, दावतो."

धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, भांडणं होतात. मी गाडीच्या फळीवर ठेवला, तिनं उचलला. डाव्या हातानं. घर येईस्तोवर तिनं अख्खा ऊस सोलला, गाडी दगडावरून उडाली तरी तिचा अंगठा हलला नाही.

ती डावखुरी होती. माझ्या आईनं लग्न झाल्या वर्षी तिच्या त्या हातावर उलथणं तापवून ठेवलं होतं. "डाव्या हातानं वाढतं काय वं? घरात लक्ष्मी राह्यते काय असानं?" तेव्हापासून घरात ती उजवी आणि मळ्यात, कोणी पाहत नसलं म्हणजे, डावी. मी पाहायचो, पण मी कोणी नव्हतो.

आमचा मळा भाजीचा. वांगी, मिरची, कांदे. संत्र्याचा बोलबाला झाला तेव्हा मी काटोलकडे जाऊन एका बागेत दोन महिने राबलो आणि डोळे बांधायची विद्या घेऊन आलो. आल्या वर्षी दोनशे रोपांवर डोळे बांधले. कसे बांधायचे ते तिलाही दाखवलं, फुशारकीनं. खोडाला एक आडवी चीर, तिच्याखाली एक उभी. साल अलगद उकलायची. काडीवरचा डोळा सालीसकट पातळ काढायचा, लाकूड येता कामा नये. आत सरकवायचा, केळीच्या सोपटानं, म्हणजे वाळल्या सालीच्या पट्टीनं, बांधायचा. तिनं बांधाकडच्या बारा रोपांवर गंमत म्हणून करून पाहिलं.

माझे दोनशे डोळे काळे पडले. एक हिरवा नाही. तिचे बाराच्या बारा फुटले.

मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही.

मग एक शेतकरी कलमं पाहायला आला. बारा रोपांचे कोंब पाहून म्हणाला, "कोनं बांधली?" ती डोक्यावर मिरचीची पाटी घेऊन तिथंच उभी होती. मी म्हटलं, "म्या." ती पाटी सावरून पुढं गेली. संध्याकाळी चूल फुंकता फुंकता म्हणाली, "बरं सांगतलं तुमी. बाईनं बांधली म्हनलं असतं तं कोनी हात लावला नसता."

खरंच होतं ते. विटाळाची बाई झाडाला शिवली की झाड वठतं, असं आमच्याकडे मानतात. आणि बाई कधी विटाळाची नाही, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? त्यात डावा हात. म्हणून पहिल्या दिवशी मी खोटं बोललो ते पोटासाठी, तिच्या मर्जीनं. त्याचं मला काही वाटत नाही. पुढचं वाटतं.

पुढं असं झालं. थंडीत ती वाफ्यात उकिडवी बसून बांधायची आणि मी बांधावरून वाट पाहायचो. गाडीची घुंगरं वाजली की ती चाकू जमिनीवर ठेवायची आणि दोन वाफे पलीकडे जाऊन निंदायला बसायची. मी तिच्या जागेवर बसून चाकू उचलायचो. पत्र्याची मूठ तिच्या हातानं गरम असायची. माणूस येईस्तोवर मी सोपट गुंडाळत असायचो. बांधणं मला जमतं, कापणं नाही. पाहणाऱ्याला एवढं पुरत होतं. "वा बुवा," तो म्हणायचा, "हात हाये का जादू!" आणि मी हात पुढं करून दाखवायचो. कोणी आपल्या वाफ्यात येऊन बांधून द्या म्हटलं की सांगायचो, माझ्या हाताचा गुण माझ्या मातीतच चालतो.

एका साली गावानं मला नारळ आणि शेला दिला. मी उभा राहून अंगठा कसा धरायचा, पातं कसं चालवायचं ते सांगितलं. सगळं तिचं ऐकलेलं. ती बायांत मागं बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "जीभ दाबायचं सांगाले विसरले तुमी." बस, एवढंच. तिनं रागावून भांडण केलं असतं तर मला बरं झालं असतं.

चाकूची सगळी निगा तिची. संत्र्याच्या रसानं पातं लगेच काळं पडतं, म्हणून ती काम झालं की पुसून जवसाचं तेल लावायची. तरी वीस वर्षांत ते जांभळट काळं झालंच. धार पाट्याच्या जुन्या तुकड्यावर लावायची. खंडेनवमीला खुरपी, विळे, कुदळ यांच्या रांगेत चाकू ठेवून त्या चार अक्षरांना हळदकुंकू लावायची. मी म्हणायचो, "काय लिवलं हाये ते माहीत नाई, आन पाया पडून राह्यली." ती म्हणायची, "देवाचं नसन तं लोहाराचं असन. दोघायचंबी खातो आपन." दुसऱ्या लढाईत जपान दुश्मन झाला तेव्हा शेजारी चिडवायचा, "वयनी, दुश्मनाचा चाकू घरात! फौजदार येईन." "येऊ दे," ती म्हणाली, "त्याच्याबी अंगनात दोन संतरे बांधून देतो."

ती गेली तेव्हा काही सांगून गेली नाही. पाणी मागितलं, मी दिलं, अर्धं सांडलं.

आता यंदाचं. पौषात मी चाकू घेऊन वाफ्यात बसलो. पहिली काडी घेतली, डोळा काढायला पातं लावलं तर ते सरळ लाकडात घुसलं. दुसरी घेतली, तेच. सहा काड्या फुकट घालवल्या. वाटलं धार गेली. पाटा ओला केला, पातं उन्हात धरलं, आणि तेव्हा दिसलं. धार एकाच अंगानं लावलेली होती. दुसरं अंग सपाट. तिच्या डाव्या हाताला बसेल अशी, वीस-बावीस वर्षं घासून घासून केलेली. माझ्या उजव्या हातात ती उलटी पडते. जिभेवरही झिजलेली खळगी आहे, ती तिच्या डाव्या अंगठ्याची. माझा अंगठा त्यावर वाकडा बसतो.

चाकू माझ्या हातासारखा करायचा तर सपाट अंग घासून उतरवायला हवं. दोन दिवसांचं काम. मी पाट्यावर पातं टेकवलं, दोनदा ओढलं, थांबलो. विहिरीवर गेलो. आलो, परत टेकवलं. परत विहिरीवर.

अशात मंगरूळपीरकडचा एक शेतकरी आला. त्याची जुनी बाग आमच्याच कलमांची, भरघोस लागते. घुंगरं वाजली तेव्हा मी बांधावर नुसताच उभा होतो. आला तो हक्कानं खाटेवर बसला.

"बुवा, यंदा माह्या वाफ्यातच येऊन बांधून द्या. चारशे रोपं हायेत. आता काय, बुढीबी नाई अडकवाले."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण ते 'अडकवाले' माझ्या कानात शिरलं.

"अडकवाले?" मी म्हटलं. "अबे, ते कलमं तिनं बांधली हायेत. माह्या हातचं एक झाड नाई तुह्या बागंत."

तो हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुःखानं होते असं, बुवा. मोठा भाऊ गेला तवा मीबी बरळत होतो."

मला संताप आला. खोटं बोललो तेव्हा एका दमात विश्वास, आणि खरं बोललो तर वेडा! मी त्याला ओढत वाफ्यात नेलं. उजव्या हातानं काडी कापून दाखवली. पातं लाकडात घुसलं. परत कापून दाखवली.

"थंडीनं हात कापून राह्यला तुमचा."

"मंग तू काप."

चाकू जमिनीवर ठेवला. त्यानं उचलला, कापलं, त्याचंही पातं घुसलं. "धार उलटी हाये याची," तो म्हणाला.

"डाव्या हातात घे."

त्यानं घेतला. अंगठा आपोआप त्या खळगीत बसला. तो खळगीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, मग दोन वाफे पलीकडे जिथं ती निंदायला बसायची तिकडे. किती वेळा त्यानं तिला तिथं पाहिलं असेल!

"म्हंजे मी येवो तवा..."

"हो."

"आन ते सोपट?"

"ते म्या. तेवढंच."

त्यानं पातं मिटलं. मग हळूच म्हणाला, "विटाळाचं काय पन, बुवा?"

"तुह्या झाडायले इचार. कोन्तं वठलं?"

त्यानं मान हलवली. कोणतंच वठलं नव्हतं. "माह्या घरी सांगू नका म्हंजे झालं. म्हातारी माय बाग तोडाले लावन." पाच पावलं गेला, परत आला. "नाई, मीच सांगतो. तोडते तं तोडो. संतरे तिच्याच पोटात जातेत सगळे." चाकू त्यानं जिथून उचलला होता तिथंच ठेवला. "यंदा मंग कोन बांधन?"

"मी बांधतो. जगन तेवढी ने. माह्या हातची हायेत असं समजून ने."

दुसऱ्या दिवशी लोहाराकडून साधा चाकू करून आणला. दोन्ही अंगांनी धारेचा, लाकडी मुठीचा. तिचा चाकू पुसला, जवसाचं तेल लावलं, मिटून तिच्या कुंकवाच्या डबीशेजारी ठेवला. मी पाट्यावर ओढलं त्याचे दोन ओरखडे त्या सपाट अंगावर आहेत, ते राहतील.

चाळीस डोळे बांधले. कंबर मोडली. चार बांधले की उठायचो, विहिरीवर जायचो, यायचो. फाल्गुनात अकरा फुटले. एकोणतीस मेले. गावात आता बोलणं सुरू झालं आहे, बुवाचा हात गेला. मी सांगतो, हात गेला नाही, हातवाली गेली. काही ऐकतात, काही विषय बदलतात. एका म्हातारीनं मला तोंडावर विचारलं, "मंग शेला कायले घेतला रे तूनं?" मी तो माझ्या ट्रंकेतून काढून बायकोच्या ट्रंकेत ठेवला आहे. दुसरं काय करू ते सुचलं नाही.

काल मंगरूळपीरची गाडी अकरा कलमं न्यायला आली. मी सकाळपासून वाफ्यातच होतो, रोपांच्या बुडाशी माती ओढत. घुंगरं वाजली आणि माझा हात आपसूक बाजूच्या जमिनीवर गेला, चाकू उचलायला. चाचपत राहिला. ढेकळं लागली, थंड.